‘पिशवी काढून टाका’ म्हणण्याआधी : ऊसतोड महिलांचे लैंगिक आरोग्य आणि कार्यकर्त्यांना हवी ती माहिती

२०१९ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ महिलांची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण देशभरात ३.२ टक्के होते. तीन टक्के कुठे आणि सतरा टक्के कुठे!

बातम्या आल्या, विधिमंडळात चर्चा झाली, खासगी दवाखान्यांवर टीका झाली. ती व्हायलाच हवी होती. पण आम्हाला या लेखात त्याच्या एक पाऊल मागे जायचे आहे. या बायका ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचल्या कशा? बहुतेकींची सुरुवातीची तक्रार काय होती? अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत जास्त रक्त जाणे, कंबर धरणे. यातल्या पहिल्या दोन तक्रारींवर सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या मिळतात. काही आठवड्यांत बऱ्या होणाऱ्या दुखण्यापायी अवयव गमवावा लागत असेल, तर तो केवळ एका डॉक्टरचा लोभ नसतो. मधल्या सगळ्या पायऱ्या गायब असतात. त्या पायऱ्या कोणत्या, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांना माहीत असावे म्हणून हा लेख.

फडावर काय घडते

बीड, धाराशिव, जालना, परभणी, अहिल्यानगरचा पूर्व भाग इथून लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी, बंजारा आहेत, गरीब मराठाही आहेत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम या कोयत्याला हंगामाआधी उचल देतो आणि पुढचे पाच-सहा महिने ती उचल फिटेपर्यंत राबायचे असते. एक दिवस काम चुकले तर खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो.

हा खाडा समजून घेतला तर पुढचे सगळे समजते. पाळी आली, ताप आला, दिवस भरत आले तरी खाडा परवडत नाही. पहाटे फडात, दुपारी फडात, रात्री गाडी किंवा ट्रॅक्टर भरायचा, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे. राहायला पालं किंवा कोप्या. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी शेतातल्या विहिरीचे किंवा कालव्याचे. पाळीचे कापड धुवायला आडोसा नाही आणि वाळवायला उजेडातली जागा नाही. लघवीला जावे लागू नये म्हणून बायका पाणीच कमी पितात. त्यात मुकादमाकडून, ट्रॅक्टरवाल्याकडून होणारा त्रास. त्याबद्दल बायका आपसात बोलतात, तक्रार मात्र क्वचितच होते, कारण उचल त्याच माणसाची असते.

अशा स्थितीत पांढरे जायला लागले तर बाई काय करते? अंगावर काढते. फडावर दवाखान्यात जायचे तर खाडा. गावी परतली की उन्हाळ्यात जरा सवड मिळते, तेव्हा ती तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते. ‘पिशवीला सूज आहे, गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल, मुलं झालीत ना, मग काढून टाका.’ पाळीची कटकट कायमची जाईल, खाडे वाचतील, हा हिशोबही त्यात बसतो. ऑपरेशनला मुकादमाकडून आणखी उचल घेतली जाते आणि पुढच्या हंगामात तीच बाई, टाक्यांच्या दुखण्यासह, ती उचल फेडायला फडावर हजर असते.

पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर तिशी-पस्तिशीतच पाळी बंद झाल्यासारखे शरीर होते. अंगातून वाफा येणे, हाडे ठिसूळ होणे, झोप उडणे, हृदयविकाराचा धोका वाढणे. हे आधी सांगितले जात नाही. आणि नवऱ्याकडून आलेला जंतुसंसर्ग असेल, तर पिशवी काढूनही तो पुन्हा होऊ शकतो.

पांढरे जाणे म्हणजे काय, आणि काय नाही

सगळेच पांढरे जाणे हा आजार नसतो. पाळीच्या मधल्या काळात, गरोदरपणात पाण्यासारखा किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्राव जाणे नैसर्गिक आहे. वास, खाज, जळजळ, पिवळा-हिरवा रंग, दह्यासारखे कण, संबंधाच्या वेळी दुखणे, ओटीपोटात दुखणे यापैकी काही असेल तर तपासणी हवी.

आजार असला तरी तो दर वेळी लैंगिक संबंधातून आलेला नसतो. हे आम्ही मुद्दाम ठळक सांगतो आहोत, कारण अर्धी लाज इथूनच सुरू होते. योनीमार्गात मुळातच राहणाऱ्या जंतूंचे संतुलन बिघडले तरी संसर्ग होतो. बुरशीचा संसर्ग हा त्यातला सर्वांत ओळखीचा. असुरक्षित गर्भपात किंवा अस्वच्छ बाळंतपण यातूनही संसर्ग होतो. तिसरा प्रकार लैंगिक संबंधातून येणाऱ्या संसर्गांचा : गोनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, सिफिलिस, नागीण जातीचा हर्पिस, एचपीव्ही, एचआयव्ही. यातही बहुतेक लग्न झालेल्या बाईला तो नवऱ्याकडून येतो. क्लॅमिडियात तर बहुसंख्य बायकांना काहीच लक्षणे जाणवत नाहीत आणि संसर्ग आतल्या आत गर्भनलिकांपर्यंत जातो. पुढे मूल न होणे, नळीत गर्भ राहणे हे त्याचे परिणाम. मूल होत नाही म्हणून टाकून दिलेल्या किती जणींच्या मागे नवऱ्याचा न उपचारलेला संसर्ग असेल, याचा हिशोब कोणीच मांडत नाही.

सरकारी यंत्रणेत यासाठी लक्षणांनुसार उपचाराची पद्धत आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायचे नाही. लक्षण पाहून त्या लक्षणामागे असू शकणाऱ्या सगळ्या जंतूंवर एकाच वेळी औषध द्यायचे. ही औषधे रंगीत किटमध्ये येतात. एकूण सात किट आहेत. लघवीच्या जागेतून पू जाणे किंवा गर्भाशयाच्या मुखाचा संसर्ग यासाठी करड्या रंगाचे, योनीतून स्राव जाण्यासाठी हिरवे, जखमेसाठी पांढरे, ज्यांना पेनिसिलिन चालत नाही त्यांच्यासाठी निळे, हर्पिससाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळे आणि जांघेतल्या गाठीसाठी काळे. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय इथे ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाचा विभाग असतो, तिथे ही किट आणि समुपदेशक दोन्ही मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही किट ठेवण्याची सोय आहे. कार्यकर्त्याने गोळ्या वाटू नयेत. आपल्या आरोग्य केंद्रात कोणती किट आहेत आणि कोणती संपली आहेत, हे मात्र विचारायला जरूर जावे. हा प्रश्न विचारणारा कोणी आला की साठा येतो, असा आमचा अनुभव आहे.

नवऱ्याने सोबत औषध घेतले नाही, तर बऱ्याच संसर्गांत बायकोला महिन्याभरात पुन्हा तेच होते. गोळ्यांचा कोर्स पुरा होईपर्यंत आणि तिचे-त्याचे दोघांचे उपचार संपेपर्यंत निरोध वापरायचा. शासकीय दवाखान्यात तो मोफत असतो. ‘नवरा येत नाही’ हे वाक्य आम्ही जितक्या वेळा ऐकले, तितके दुसरे कुठलेच ऐकले नसेल. इथे काम तरुण मंडळातल्या पोरांचे आहे, महिला मंडळाचे नाही. पुरुषाला दवाखान्यात पुरुषच नेऊ शकतो.

आणखी एक गोष्ट जाता जाता. पाळीत कापड वापरले म्हणून पिशवी खराब होते, असे सांगून पॅड विकले जातात. स्वच्छ धुतलेले, उन्हात वाळवलेले कापड वाईट नाही. ऊन आणि पाणी नसणे वाईट आहे.

माहिती नव्हती असे नाही

१९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांचा अभ्यास छापून आला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० महिलांची तपासणी केली होती. ९२ टक्के महिलांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक रोग होते, एकेकीला सरासरी ३.६. आणि आयुष्यात त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. बाळंतपण आणि कुटुंब नियोजन सोडून खेड्यातल्या बाईच्या शरीराकडे कोणी पाहिलेच नव्हते, हे त्या अभ्यासाने जगाला दाखवले. तीस वर्षांनंतर बीडची आकडेवारी आली.

दुसरे उदाहरण तर शेजारच्याच जिल्ह्यातले, आणि आमच्या मते जास्त बोचणारे. खासगी डॉक्टर ज्या कॅन्सरची भीती घालतो, तो गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. २०२० मध्ये भारतात त्याचे सुमारे १ लाख २३ हजार नवे रुग्ण आणि ७७ हजार मृत्यू झाल्याचा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की बहुतेक माणसांना आयुष्यात केव्हातरी लागतोच. चारित्र्याशी त्याचा काही संबंध नाही. बहुतेकांचे शरीर तो दोन वर्षांत घालवते. काहींत तो टिकतो, आणि संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. एचआयव्हीवर उपचार न घेणाऱ्या बाईत हा काळ खूपच कमी होतो. मधल्या काळात तपासणी केली तर बिघडलेल्या पेशी सापडतात आणि काही मिनिटांच्या उपचाराने तेवढाच भाग जाळून टाकता येतो. पिशवी काढावी लागत नाही.

ही गोष्ट सिद्ध झाली ती उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांना घेऊन मोठा अभ्यास केला. गावांचे चार गट केले. एका गटात एकदाच एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात सौम्य आम्ल लावून नजरेने तपासणी. चौथ्या गटाला तपासणी दिली नाही, नेहमी गावात मिळते तीच सेवा. आठ वर्षांनी मोजले तेव्हा एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ महिला गेल्या होत्या आणि तपासणी न मिळालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. २००९ साली हे निष्कर्ष अमेरिकेच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले आणि जगभरच्या धोरणांना आधार झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही दीड लाख महिलांवर असाच अभ्यास झाला, त्यात नजरेच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी एका गटाला तपासणी न देणे योग्य होते का, यावर पुढे बरीच टीका झाली. श्रीमंत देशात असा गट ठेवला असता का, हा प्रश्न रास्तच आहे.

पण आमचा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. हे ज्ञान मराठवाड्यातल्या गरीब बायकांच्या शरीरातून मिळाले. ते जगाला गेले. त्यांना काय परत मिळाले? निष्कर्ष छापल्यानंतर दहा-बारा वर्षांनी, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय महिलांपैकी या कॅन्सरची एकदा तरी तपासणी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. तपासणी पोहोचली नाही, कॅन्सरची भीती मात्र पोहोचली. आणि त्या भीतीवर तालुक्या-तालुक्यांतले ऑपरेशन थिएटर चालले.

आज नियम असा आहे की ३० वर्षांवरील प्रत्येक महिलेची पाच वर्षांतून एकदा ही तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जुन्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोफत व्हावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईने पंचविशीपासूनच सुरू करावी. नजरेच्या तपासणीला ना भूल लागते ना सुई. गर्भाशयाच्या मुखावर व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग दिसतो का पाहतात. निकाल तिथेच कळतो.

लस, आणि खम्ममची आठवण

एचपीव्हीवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. संबंध सुरू होण्याआधीच्या वयात, म्हणजे ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती सर्वांत उपयोगी पडते. सिक्कीमने २०१८ मध्येच शाळांतून मोहीम राबवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के महिलांची ३५ आणि ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी आणि आजार सापडलेल्यांपैकी ९० टक्के महिलांना उपचार, असे लक्ष्य ठेवले आहे.

आपल्या चळवळीत या लसीबद्दल संशय आहे आणि त्याला कारण आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साथीने सुमारे २४ हजार मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प केला. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. आश्रमशाळेतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. प्रकल्पाच्या काळात सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही, पण संमती आणि देखरेखीतले दोष उघड झाले. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

आमचे मत स्पष्ट आहे. खम्ममने लस वाईट ठरत नाही. आईबापाला न विचारता गरिबाच्या पोरीला टोचणे वाईट ठरते. श्रीमंतांच्या मुली खासगी दवाखान्यात पैसे मोजून ही लस घेत आहेत. आपण रागापोटी आपल्या मुलींना तिच्यापासून दूर ठेवले, तर नुकसान कोणाचे? शाळेत किंवा वस्तीत लसीकरण आले की आधी पालकसभा मागावी, मराठीतला संमतीचा कागद वाचून घ्यावा, लशीनंतर ताप-चक्कर आली तर कोणाला फोन करायचा ते लिहून घ्यावे आणि मग मुलींना घेऊन जावे.

एचआयव्ही : आकडे कोणाकडे बोट दाखवतात

देशात प्रौढ लोकसंख्येतील एचआयव्हीचे प्रमाण २०१७ मध्ये ०.२२ टक्के होते. त्याच वर्षीच्या पाहणीत देहविक्रय करणाऱ्या महिलांत १.५६, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत २.६९, तृतीयपंथीयांत ३.१४ आणि सुईने नशा करणाऱ्यांत ६.२६ टक्के आढळले. स्थलांतरित मजुरांत ०.५१. हे आकडे वाचून ‘वाईट वागणाऱ्यांचा आजार’ असा निष्कर्ष काढणारे आपल्यातही आहेत. ज्याला पोलीस मारतात, ज्याला दवाखान्यात रांगेतून बाहेर काढतात, ज्याला भाड्याने घर मिळत नाही, तो तपासणीला उशिरा येतो. उशिरा आलेल्याकडून संसर्ग पसरतो. जातीमुळे पाण्यापासून दूर ठेवलेल्या माणसाला ‘अस्वच्छ’ म्हणण्याची रीत आपण ओळखतो. ही तीच रीत आहे.

सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या महिलांबरोबर काम करते. त्यातूनच या महिलांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. निरोध वाटप, आजारी बाईला दवाखान्यात सोबत, पोलीस ठाण्यात बाजू मांडणे, सगळे त्याच करतात. २००५ मध्ये अमेरिकी मदतीसाठी वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेवर सही करण्याची अट आली, तेव्हा संग्रामने ती मदत नाकारली. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांनाच दोषी ठरवणाऱ्या कागदावर सही करायची नाही, ही भूमिका. संसर्ग रोखण्याचे काम सन्मानाशिवाय होत नाही, हे त्यांनी आपल्यापेक्षा आधी ओळखले.

बाकी माहिती थोडक्यात. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्त असते. निदान झाले की लगेच औषध सुरू होते. नियमित औषधाने विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला तर तो लैंगिक संबंधातून जोडीदाराला जात नाही. बलात्कार, सुई टोचणे, निरोध फाटणे असे काही झाले तर ७२ तासांच्या आत २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध सुरू करता येते. जितके लवकर तितके चांगले. गरोदर बाईची एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्ही तपासण्या पहिल्या भेटीतच व्हायला हव्यात. सिफिलिससाठी एका इंजेक्शनने बाळ वाचू शकते. १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा मोफत मदत क्रमांक आहे.

२०१९-२१ च्या पाहणीत एचआयव्हीची पुरेशी आणि अचूक माहिती असलेल्या महिला देशात २१.६ टक्के आणि पुरुष ३०.७ टक्के होते. मोबाइलवर सगळे पाहणाऱ्या पिढीचे हे आकडे आहेत.

हा विषय विहारात कशाला?

हा प्रश्न आम्हाला ज्येष्ठांकडून येतो, म्हणून उत्तर देतो. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, हा युक्तिवाद होता. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. अस्पृश्यांचा पुढारी असताना, स्वतःवर आधीच शंभर आरोप होत असताना, बाबासाहेबांनी हे वकीलपत्र घेतले. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने प्र. ज. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांविषयी ठराव मांडला. तो फेटाळला गेला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत बाबासाहेबांनी गिरणी कामगार महिलांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला पगारी विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, अशी ती मांडणी होती. आज साखर कारखाना ऊसतोड बाईला आपली कामगार मानत नाही, मुकादमाकडे बोट दाखवतो. प्रसूती रजा तिच्यापर्यंत अजून आलेलीच नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ मध्ये सांगितले की भारतात दलित महिलांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय सवर्ण महिलांपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. हा आकडा भाषणांत ‘आयुर्मान’ म्हणून सांगितला जातो, तसा तो नाही. मृत्यूसमयीचे सरासरी वय आणि आयुर्मान या वेगळ्या गोष्टी आहेत. आकडे बरोबर वापरले तरी आपली बाजू पुरेशी भक्कम आहे.

कायदा हाताशी असावा

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांत भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कोणाचा अहवाल गावात सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये देहविक्रय करणाऱ्या महिलांना सन्मानाने वागवण्याचे निर्देश पोलिसांना दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अविवाहित महिलेलाही विवाहितेइतकाच गर्भपाताचा हक्क आहे, असा निकाल आला. त्याच निकालात, अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताची खबर देताना तिने विनंती केल्यास डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असेही म्हटले. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याच्या धाकाने सतरा वर्षांच्या मुली सरकारी दवाखाना टाळून भोंदूकडे जातात, म्हणून हा मुद्दा लक्षात ठेवावा. पिशवीच्या ऑपरेशनांबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत राबवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. ते प्रकरण बिहार, छत्तीसगड, राजस्थानचे होते. तिथेही सरकारी विम्याच्या पैशांसाठी पिशव्या काढल्याचा आरोप होता आणि महिला मुख्यतः अनुसूचित जाती-जमातींच्या व मागासवर्गीयच होत्या.

वस्तीतल्या एखाद्या ताईला ‘पिशवी काढा’ सांगितले असेल, तर तिच्यासोबत बसून एवढे विचारावे : तपासणी हाताने, आतून झाली का, की फक्त सोनोग्राफी? गर्भाशयाच्या मुखाची तपासणी झाली का? स्रावावर औषधाचा पूर्ण कोर्स झाला का, आणि भाऊजींनी घेतला का? रक्तस्राव असेल तर गोळ्या किंवा तांबीसारखे हार्मोनचे साधन वापरून पाहिले का? बीजकोष ठेवणार की काढणार? डॉक्टरने हे सगळे लेखी द्यावे आणि तो कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. ऑपरेशन खरोखरच लागते अशाही बायका असतात. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कॅन्सर. त्यांना घाबरवून थांबवणे हाही अपराधच.

वर्षावासाचे तीन महिने

शिबिरे बहुधा एप्रिलमध्ये, जयंतीच्या निमित्ताने होतात. ऊसतोड कुटुंबे तेव्हा नुकतीच परतत असतात, काही अजून वाटेत असतात. आणि एका दिवसाच्या शिबिरात रक्तदाब आणि साखर मोजण्यापलीकडे काही होत नाही.

ही माणसे गावात खात्रीने असतात ती पावसाळ्यात. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, नेमका आपला वर्षावास. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला बायका जमतात. गोऱ्हे समितीच्या शिफारशींतही हंगामाआधीची आणि नंतरची आरोग्य तपासणी आहे, तेव्हा ती मागण्याचा हक्क आहेच. आशाताई आणि परिचारिका यांना एका आठवड्यात तासभर बोलवावे, बायकांची बैठक वेगळी, पुरुषांची वेगळी. नंतर आरोग्य केंद्रातून तपासणीचा दिवस मागून घ्यावा. तीन महिने हाताशी असले तर पांढऱ्या जाण्याचा कोर्स नवरा-बायको दोघांचाही पुरा होतो, ज्यांच्या गर्भाशयाच्या मुखावर डाग सापडला त्यांना जिल्ह्याला नेऊन उपचार करता येतात, गरोदर असलेल्यांची नोंद होते आणि त्या कोणत्या कारखान्याला जाणार ते लिहून तिथल्या आरोग्य केंद्राला कळवता येते. मुलींच्या लसीची पालकसभाही याच काळात बसते.

दसऱ्याला मुकादम दारात येतो. म्हणून आरोग्य केंद्राला पहिले पत्र ज्येष्ठात जायला हवे.